दोऱ्याचा मासा

९ फेब्रुवारी १९७३

कोचीनच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बजावलं होतं, चक्कर आली की लिहून ठेवायची. काय करत होतास, कुठल्या बाजूला तोल गेला, ओकारी झाली का. त्यासाठी ही वही दिली. घरी येऊन वर्ष होत आलं, वही आज उघडतोय.

आज दुष्काळी कामावर खडी फोडताना चक्कर आली. तोल डाव्या बाजूला गेला. हातोडा शेजारच्या बाईच्या पायाशी पडला, थोडक्यात वाचली. मुकादम म्हणाला, "सकाळच्या पारीच घेतली का रं गुलाब?" मी दारू पीत नाही हे त्यालाही माहीत आहे. बाकीचे हसले, मीही हसलो.

डॉक्टरांना हवं होतं ते लिहून झालं. आता मला हवं ते लिहितो.

चक्कर ओसरत होती तेव्हा डोळ्यांपुढं दोऱ्याचा मासा आला. हे नाव आम्हा पाणबुड्यांनी ठेवलेलं. पुस्तकात त्याला फुलपाखरी मासा म्हणतात, पण तशा जाती पुष्कळ आहेत. ही एक वेगळी. तळहाताएवढा, भाकरीसारखा चपटा. अंग पांढरं, त्यावर बारीक काळपट तिरक्या रेघा, निम्म्या एका अंगाला झुकलेल्या आणि निम्म्या दुसऱ्या, बाजेच्या विणीसारख्या. मागचा भाग हळदीसारखा पिवळा. डोळ्यावरून काळा पट्टा असा उतरतो की डोळा कुठंय ते कळतच नाही. पाठीवरच्या पंखाच्या मागच्या टोकाला काळा ठिपका, आणि तिथूनच एक लांब दोरा निघतो. मासा वळला की दोरा मागाहून वळतो.

अरबी समुद्रातल्या लखदीव बेटांच्या आतल्या शांत पाण्यात, पोवळ्याच्या खडकांजवळ तो भेटायचा. नौदलातल्या नऊ वर्षांत मी त्याला जितकं बघितलं तितकं गावातल्या माणसांनाही नसेल बघितलं.

१४ फेब्रुवारी

आज काम बंद होतं. घरातल्या भिंतीवर मासा काढला. पांढऱ्याला चुना, काळ्याला दिव्याची काजळी, पिवळ्याला हळद. हळदीवरून माय कावली. "कालवणाला टाकाया चिमूटभर हळद न्हाय, आन ह्यो भिंतीला चारतुय!" मग जवळ येऊन बराच वेळ बघत राहिली. माझी माय सरुबाई आयुष्यात शेजारच्या ईट गावच्या बाजारापलीकडं गेलेली नाही. म्हणाली, "ह्याचं त्वांड असं चिमट्यावाणी का रं?"

मी सांगितलं, पोवळ्याच्या फटींतले बारीक किडे टिपायला. तिथल्या खडकाला जिवंत सालपट असतं, तेही कुरतडतो.

"म्हंजी दगड खातू?"

"दगडावर जगतो म्हण."

"मंग आपल्या गावचाच की," असं म्हणून ती चुलीपुढं गेली.

माझी बायको सुमन पाण्यावरून आली. तिनं भिंतीकडं बघितलं आणि घागर उतरवली. घागर अर्धीच होती. तिच्या मनात पाण्याचा राग खदखदतोय, हे मला दिसतं.

२० फेब्रुवारी

चक्कर नाही.

आमच्या बौद्धवाड्याचा आड दिवाळीलाच आटला. आता सगळ्या गावाला एकच पाणी, उपसा सिंचन संस्थेच्या विहिरीचं. सरकारी मदतीनं खणलेली विहीर, पायऱ्यांची, ओढ्याच्या काठाला. संस्थेत आमच्यापैकी कुणी सभासद नाही. आमच्या बायका घागरी घेऊन कठड्यापासून लांब बसतात. वरच्या आळीतली एखादी बाई स्वतःचं भरून झाल्यावर वरून ओतते. ओतेल तेवढं. कधी घागरीत पडतं, कधी हातावर सांडतं.

सुमन कोचीनला माझ्याबरोबर नौदलाच्या चाळीत चार वर्षं राहिली. तिथं नळ होता, आणि नळाला कुणाची जात ठाऊक नव्हती. तिथं ती पाणी भरताना गाणं म्हणायची. इथं आल्यापासून मी ते ऐकलेलं नाही. माझा डावा कान पुरता गेलाय आणि उजव्यानं निम्मंच ऐकू येतं, म्हणून असेल.

कान कसा गेला तेही एकदा लिहून टाकतो. बुडालेल्या पडावाचा नांगर खडकात अडकला होता, तो सोडवायला उतरलो होतो. खाली ठीक होतो. वर येताना काहीतरी चुकलं आणि कानात बार उडाल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, यापुढं डोकं पाण्याखाली घालायचं नाही, उरलेला कानही जाईल, आणि पाण्यात चक्कर आली तर माणूसच जाईल. मी विचारलं, अंघोळीला? ते म्हणाले, तांब्यानं.

इथं बुडायला पाणी आहे कुठं! सगळा मुलूख भाजलेल्या खापरासारखा. चारी बाजूंना क्षितिज आणि मध्ये मी. समुद्रावरही चारी बाजूंना क्षितिजच असायचं, पण तिथं कोंडल्यासारखं कधी वाटलं नाही.

३ मार्च

विहिरीचं पाणी वाढेना. रोज उपसतात तेवढं रात्रीतून भरून यायचं, ते थांबलं. मागच्या महिन्यात संस्थेनं तळाशी सुरुंग लावले होते. बहुतेक त्यानं आतली कपार ढासळून झऱ्याचं तोंड बुजलं. तळात तीन परस पाणी उरलंय, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. खर्च होतंय, येत नाही.

उपसून कोरडी करावी आणि दगड काढावेत, तर उरलेलं पाणी ठेवायचं कुठं? आणि झरा नाही सुटला तर? वरच्या आळीतल्या दोघा पोहणाऱ्यांनी बुड्या मारून बघितल्या. एकाच्या नाकातून रक्त आलं. दोघंही सांगतात, कपार खोल आहे, दगड हलत नाहीत.

बाबूनं हे सगळं सांगितलं. बाबू माझा चुलतभाऊ. सांगताना त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

६ मार्च

नानासाहेब आले. संस्थेचे चेअरमन आमच्या वाड्यात! बायकांनी डोक्यावरचे पदर सावरले. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मायनं घोंगडी टाकली, पण बसले नाहीत.

"गुलाब, तू आरमारात पाण्याखालची कामं करायचास म्हणं."

"करत होतो."

"मंग गावासाठी एकदा उतरशील का?"

मी त्यांच्याकडं बघत होतो, ते माझ्या खांद्यावरून आत भिंतीकडं. "ह्ये काय, फुलपाखरू?"

"मासा हाय, नानासाहेब."

"असला मासा असतूय?"

"असतोय. अशाच कपारीत राहतो. दिवसा जोडीनं हिंडतो, रात्री दोघं कपारीत शिरतात. अंगावरचा पिवळा मग मळकट होतो, शोधून सापडत नाही."

त्यांनी मान हलवली. कपार या शब्दावर त्यांच्या डोळ्यांत आशा आली असं मला वाटलं. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

ते गेल्यावर सुमननं घोंगडी उचलली आणि जोरानं झटकली. त्यावर कुणी बसलंच नव्हतं.

७ मार्च

झोप लागली नाही. उतरायचं. पण फुकट नाही. आमच्या बायका स्वतःच्या हातानं विहिरीत पोहरा टाकतील, ही अट.

हे सुचलं आणि छाती मोकळी झाली. आम्ही दीक्षा घेतली तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांचा होतो. बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचं पाणी हातात घेतलं होतं हे तेव्हापासून ऐकतोय. माझ्या वाट्याला ही विहीर आलीय. कानाचं काय, तसाही निम्मा गेलेलाच आहे.

सुमनला सांगितलं. ती भाकरी थापत होती, मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची. लाल पीठ, थापता थापता चिरा पडतात.

"डाक्तर काय म्हणले हुते?" तिनं विचारलं.

"ते रोजच्या पाणबुड्याला सांगतात. मी एकदाच उतरणार."

"मला वतून दिलेलं पाणी चालतंय."

"मला चालत नाही."

तिनं भाकरी तव्यात टाकली. तिलाही मनातून मी उतरावं असंच वाटतंय. नाहीतर तिनं भांडण केलं असतं. सुमन भांडायला कमी नाही.

११ मार्च

बाजेवर पडून श्वास धरायची सवय करतोय. आज डोळे मिटून बराच वेळ धरला. मायनं बघितलं आणि बोंब ठोकली. शेजारची धुरपताबाई धावत आली, तिनं माझ्या तोंडावर लाटणं धरलं, श्वास लागतो का बघायला. मी डोळे उघडले. धुरपताबाई म्हणाली, "मेल्या, सोंगं करतुस व्हय!" वाडाभर हसणं झालं.

सुमन हसली नाही. भिंतीला टेकून बसली होती.

श्वास धरला की पोवळ्याच्या खडकांचा आवाज आठवतो. लोकांना वाटतं समुद्राखाली शांत असतं. तसं नसतं. खडकावर लाह्या फुटल्यासारखा आवाज सतत चालू असतो. त्यातून ती पांढरीपिवळी जोडी येते. एक पुढं, एक मागं. पुढचा वळला की मागचा वळतो. एखादा दिसेनासा झाला तर दुसरा उंच चढून त्याला शोधतो. दोघं भेटले की पुन्हा खाली, पुन्हा खडकाला चोच. आपण जवळ गेलो तर पळत नाहीत, नुसते बाजू बदलतात. मी तिथं उलटा लटकून त्यांना बघायचो. श्वास संपत आला तरी वर जावंसं वाटायचं नाही.

१५ मार्च

विहिरीच्या कठड्यावर बैठक झाली. मी अट सांगितली. मग वरच्या आळीतला एकजण म्हणाला, असं केलं तर आमच्या घरातल्या बाया तिथलं पाणी पिणार न्हाईत.

सिद्रामप्पा संस्थेचे सेक्रेटरी, गावात त्यांचं किराणा दुकान. गळ्यातलं इष्टलिंग चाचपत म्हणाले, "अवो, ह्यो तळाला जाणार, तासभर त्याच पाण्यात राबणार. त्ये पाणी आपण प्यायचं. आन वरून त्याच्या बायकोनं पोहरा टाकला की मगच बाटतंय व्हय?"

दोघंतिघं हसले. नानासाहेब हसले नाहीत. "झरा सुटला की बघू," ते म्हणाले.

"सुटला की न्हाय," मी म्हणालो. "मी उतरलो की."

त्यांनी जमिनीकडं बघितलं. "बरं. उतरलास की."

सगळ्यांसमोर म्हणाले. बाबूनं माझी पाठ दाबली. घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते. चक्कर नाही, काही नाही. उद्याच उतरतो.

माय रडली. सुमननं माझा जुना पाण्याखालचा चष्मा पेटीतून काढला, पदरानं पुसला आणि माझ्यापुढं ठेवला. म्हणजे तिलाही हेच हवं होतं.

२८ मार्च

आज बसता आलं. अक्षर वाकडं येतंय, ओळ हलते.

आठवतं तसं लिहितो. सगळं गाव काठावर होतं. आमचे लोक एकीकडं, बाकीचे तिन्हीकडं. कमरेला दोर बांधला, दुसरं टोक बाबूच्या हातात. हातात पहार, पोटाशी वजनाला दगड. पाणी गार होतं. डोकं आत गेलं आणि कानात सुई गेल्यासारखं झालं. मग तेही कमी झालं, म्हणजे काहीतरी फाटलं असणार.

खाली गढूळ. हातानंच चाचपायचं. कपार सापडली. आत हात घालण्याआधी मी थांबलो. ती तिकडची सवय. कपारीत आधी बघायचं, आत कुणी राहतं का. इथं कोण राहणार! हात घातला, एक दगड ओढला, निघाला. वर येऊन श्वास घेतला. पुन्हा गेलो. असं बऱ्याचदा. शेवटचा दगड मोठा होता. खांद्यापर्यंत आत शिरून पहार अडकवली आणि पाय भिंतीला लावून रेटलं. दगड कलला, आणि बाजूनं बर्फासारखा गार लोट थेट छातीवर आला.

झरा! मी पाण्यातच ओरडलो. श्वास तिथं गेला.

मग सगळं फिरलं. खाली कुठं, वर कुठं, काही कळेना. आम्हाला शिकवलं होतं, असं झालं की तोंडातून थोडी हवा सोडायची, बुडबुडे गालावरून ज्या बाजूला सरकतील ती वरची बाजू. सोडली. बुडबुडे हनुवटीवरून छातीकडं, पायांकडं गेले. म्हणजे मी उलटा होतो. दोर ओढून बघितला. तो कलंडलेल्या दगडाखाली अडकला होता.

चाकू कमरेला होता. तो काढायला पाहिजे हे मला ठाऊक होतं. पण गार पाणी अंगावरून वाहत होतं आणि ते जिवंत पाणी होतं, चालतं. इथं आल्यापासून पहिल्यांदा माझ्या अंगाला कुठूनही जमीन लागत नव्हती. तिथं मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगणार नाही.

पुढचं बाबूनं पाटीवर लिहून आणि हातवाऱ्यांनी सांगितलं. हातवाऱ्यांनी, कारण आता मला काहीच ऐकू येत नाही. उजवाही गेला.

दोर ताठ झाला आणि वर येईना तेव्हा सगळे नुसतेच ओरडायला लागले. सुमन धावली. पायऱ्या उतरून सरळ पाण्यात, गळ्यापर्यंत. तिला पोहता येत नाही. तिला तसं बघून बाबूनं उडी टाकली, खाली येऊन दोर कापला. मी वर आलो तेव्हा सुमननं माझे केस धरले आणि पायरीवर ओढलं. मग विहिरीतलंच पाणी ओंजळीत घेऊन माझ्या तोंडावर मारत राहिली. पाचपन्नास माणसं बघत होती. कुणी अडवलं नाही, कुणाला सुचलंच नाही म्हणे. तेवढ्यात धुरपताबाई घागर घेऊन त्याच पायऱ्या उतरली. तिच्यामागं आमच्या बाकीच्या बाया.

२ एप्रिल

पाणी चढतंय. बाबू बोटांनी दाखवतो, किती पायऱ्या बुडाल्या.

सिद्रामप्पा येऊन गेले. बराच वेळ बोलले, मी त्यांच्या ओठांकडं बघत राहिलो. मग बाबूनं त्यांच्यासमोरच पाटीवर लिहून दाखवलं. संस्थेनं ठरवलंय, सकाळी त्यांच्या बाया, उन्हं चढल्यावर आमच्या. विहीर एक, वेळा दोन. मी पाटीवर लिहिलं, माझं बोलणं असं नव्हतं झालेलं. सिद्रामप्पांनी हात जोडले. कशासाठी जोडले, कळलं नाही.

बाबू म्हणतो, सुमन वेळ पाळत नाही. सकाळीच जाते. पहिल्या दिवशी वरच्या बाया बाजूला झाल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्याच झाल्या.

पाटी संपली की सगळे उठून जातात. माणसं दारातून आत येतात, ओठ हलवतात, जातात. मी बाजेवर. उठलो की घर फिरतं. एका कुशीवर पडलं की जरा थांबतं.

भिंतीवरचा मासा काल मायनं पुसला. म्हणाली असावी की ह्याच्यामुळंच झालं. मी रागावलो नाही. डोळे मिटले तर तो मला अजूनही नीट दिसतो, दोऱ्यासकट. पण आता त्याच्याभोवतीचं पाणी गढूळ असतं.

९ एप्रिल

सगळे म्हणतात (पाटीवर), गुलाबनं वाड्यासाठी जीव धोक्यात घातला. ईटच्या शाळेतले एक गुरुजी भेटायला आले, त्यांनी पाटीवर 'धन्य' लिहिलं. मला बरं वाटलं. सुमन तेव्हा घरातच होती. तिनं पाटी घेतली आणि ओल्या फडक्यानं पुसून ठेवली.

ती माझी सेवा करते. न्हाऊ घालते, तांब्यानं. पण तोंडाकडं बघत नाही, त्यामुळं तिचे ओठ मला वाचता येत नाहीत. थकली असेल.

१३ एप्रिल

उद्या जयंती. वाड्यात निळ्या पताका लागल्या. दुष्काळातही लागल्या. बाबू मला खांद्याला धरून दारापर्यंत घेऊन गेला.

दुपारी सुमन माझ्यापाशी बसली. तिनं पाटी घेतली नाही. ही वही घेतली, आणि पेन्सिल. सातवीपर्यंत शिकलीय, पण लिहायची सवय गेलीय. हळूहळू लिहीत होती. तिनं लिहिलेलं असं आहे, तिच्याच अक्षरात:

*तुमी वर आला तवा तुमच्या तोंडावर हसू हुतं. मी केस धरून वढलं तरी तुमी हसत हुता. पाणी मला चालत हुतं, कसंबी. तुमी हिरीत आमच्यासाठी गेला का तुमच्यासाठी. खरं सांगा. मी कुणाला सांगणार न्हाय.*

मी वाचलं. पुन्हा वाचलं. ती या वेळी माझ्या तोंडाकडं बघत होती.

पेन्सिल घेतली. वाड्यासाठी, असं लिहायला लागलो. 'वा' काढला आणि हात थांबला. ते खोटं नव्हतं. पण तिनं विचारलं होतं ते हे नव्हतं. 'वा' खोडला. खाली लिहिलं:

*माझ्यासाठी.*

तिनं बराच वेळ त्या शब्दावर बोट ठेवलं. मग वही माझ्या उशाशी ठेवली, घागर उचलली आणि उन्हात निघाली. दारात थांबली. काहीतरी बोलली. पाठमोरी होती, मला कळलं नाही.